विमेदाराची गुप्त हकीकत

घराचा आगीचा विमा उतरविण्यापूर्वी कंपनीचा माणूस घर पाहून जाऊ शकतो. प्रकृतीचे तसे नाही. रात्री अधूनमधून लागणारी धाप ज्याची त्यालाच ठाऊक. तपासणीत ती सापडेलच असे नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असल्या सौद्यांची मीमांसा केली. पासष्टी उलटलेल्यांना विमा मिळणे दुर्घट का होते, हेही तेथेच सांगितले.

ह्याचा प्रत्यक्ष दाखला अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सापडतो. १९९५ साली विद्यापीठाने कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक विमायोजनेला सारखीच रक्कम देण्याचे ठरविले. वरचा खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा. डॉक्टर निवडण्याची मोकळीक देणारी उदार योजना साहजिकच महागली. प्रकृती पाहून हप्ता कमीजास्त होत नसल्याने तरुण, धडधाकट मंडळी तिच्यातून बाहेर पडली. मागे उरले ते बहुतांशी वयस्क व दुखणाईत. त्यांचा खर्च अधिक म्हणून हप्ता चढला, हप्ता चढला म्हणून आणखी काही गेले, आणि १९९७ साल उजाडले तेव्हा योजनाच उरली नाही. नवल असे, की लबाडी कोणीच केली नव्हती. प्रत्येकाने आपापला हिशेब तेवढा केला.

भारतातील कंपन्या ह्याच भीतीपोटी जुन्या दुखण्यांच्या खर्चाला मुदतीचे कुंपण घालतात. २०२४ च्या नियमाने ती मुदत तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही. तोवर, दुखणे मोकळेपणी लिहून देणाऱ्यालाही हप्ता पुरा भरावाच लागतो.