बँकर इंजिन आणि पॉलिमरचा मणी



मुंबईहून या परिषदेला गाडीने आलेल्यांना कसाऱ्याला मागून बसलेला हलका धक्का जाणवला असेल. तिथे गाडीला बँकर इंजिने जोडतात. थळ घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट. ही इंजिने गाडी वर रेटतात, आमच्या इगतपुरीच्या स्टेशनात सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत घाट उतरतात. मी ते बघतच लहानाचा मोठा झालो. पुढे कॉलेजात उत्प्रेरक शिकवला, तेव्हा मला दुसरे उदाहरण लागलेच नाही. एन्झाइम हाही उत्प्रेरकच, आणि तेही तेच करते. प्रक्रियेला चढ पार करून देते आणि स्वतः न खपता मोकळे होते.

अडचण अशी, की पाण्यात विरघळलेले एन्झाइम मोकळे झाले तरी आपल्या हाती लागत नाही. ते मालाबरोबर वाहून जाते. प्रत्येक गाडीमागचा बँकर तिच्याबरोबर थेट भुसावळला निघून गेला, तर घाट चालेल कसा?

म्हणून एन्झाइमला पॉलिमरच्या मण्यावर बांधून ठेवायचे. कोळशावर चिकटलेले इन्व्हर्टेज साखर फोडत राहते, हे नेल्सन आणि ग्रिफिन यांनी १९१६ सालीच दाखवले होते. १९६९ मध्ये जपानच्या तानाबे सेइयाकु कंपनीत इचिरो चिबाटा यांनी अमिनो आम्लांच्या उत्पादनासाठी ही कल्पना कारखान्यात उतरवली.

पण माझ्या मनाजवळची गोष्ट पेनिसिलिनची आहे. पेनिसिलिन जी-चा रेणू एका ठरावीक जागी तोडला की ६-एपीए मिळते आणि त्यापासून अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन बनते. पूर्वी हे तोडकाम उणे ४० अंशांच्या आसपास, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि क्लोरिनयुक्त द्रावके वापरून चाले. पेनिसिलिन असायलेज तेच काम कोमट पाण्यात करते. या एन्झाइमवर पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम झाले. मण्यावर बसवलेले असायलेज ठाण्याच्या फर्मेंटा बायोटेकने बाजारात आणले. पुण्याच्या पॉलिमर शास्त्रज्ञांनी ग्लायसिडिल मेथाक्रिलेटचे सच्छिद्र मणी घडवले. त्यांच्यावरचे इपॉक्सी गट प्रथिनाला अनेक ठिकाणी धरतात. असे चहूकडून धरलेले प्रथिन उष्णतेने सहजी उलगडत नाही, आणि एन्झाइम टिकते ते त्यामुळे. नुसते चिकटवलेले असेल तर हळूहळू सुटून औषधात उतरते. तिथे प्रथिनाचा अंशही चालत नाही, कारण तो रुग्णाला ॲलर्जी देऊ शकतो.

मी स्वतः शिकलो ते एका नुकसानीतून. तरुणपणी ज्या कारखान्यात होतो, तिथे मण्यांची नवी खेप टाकीत घातली. काही दिवसांतच गाळणी तुंबू लागली. एन्झाइम मेले असेल असे आम्ही धरून चाललो. तपासले तर ते ठणठणीत होते. टाकीतल्या ढवळणीच्या पात्यांनी मणी भरडले गेले होते आणि त्यांचा चुरा जाळीत बसला होता. मग ढवळायचेच कशाला, असे कोणी विचारेल. पेनिसिलिन तुटताना फिनाइल ॲसेटिक आम्ल सुटते. ते जागच्या जागी अल्कलीने मारले नाही तर सामू घसरतो आणि एन्झाइम मंदावते. मणी स्तंभात भरून वरून द्रावण सोडले, तर तळाकडे आम्ल साचते. म्हणून ढवळणे आले, आणि मण्याला मार खाणेही आले. ग्लुकोज आयसोमरेज या दुसऱ्या एन्झाइमला ही आम्लाची अडचण नाही. ते साठ अंशांच्या आसपास स्तंभात महिनोन्महिने काम करते.

त्या दिवसापासून माझे ठाम मत आहे, की मण्याला त्याचा मान मिळत नाही. शोधनिबंधात एन्झाइमची क्रियाशीलता दशांशापर्यंत दिलेली असते. मणी किती ढवळण्यात फुटतो, हे मात्र क्वचितच सापडते. कारखान्याचा हिशेब बसतो किंवा बिघडतो तो तिथेच.

एन्झाइमला धरून ठेवणारा आधार महागडा असावा लागतो असेही नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात कापसाच्या कापडावर पॉलिएथिलिनइमाइनचा लेप देऊन त्यावर एन्झाइम असलेल्या यीस्टच्या पेशी बसवल्या. कापूस हासुद्धा पॉलिमरच, आणि तो आपल्या शेतात पिकतो! घोटीवरून सिन्नरचा रस्ता धरलात तर तिथल्या औद्योगिक वसाहतीत किण्वनाने एन्झाइम तयार होतात. एन्झाइम आणि आधार, दोन्ही आपल्या इतक्या जवळ आहेत.

म्हणून या परिषदेत आम्ही ऑपरेटरांना आग्रहाने बोलावले आहे. दुपारच्या सत्रात पहिले बोलणार ते. त्यांनी फुटलेले मणी, तुंबलेल्या गाळण्या, बिघडलेल्या बॅचेस सगळे मोकळेपणाने मांडावे. संशोधकांना विनंती, की त्या वेळी वही उघडी ठेवा.

जेवणात इथल्या इंद्रायणीचा भात आहे. पंगतीत एन्झाइमवाल्यांनी पॉलिमरवाल्यांशेजारी बसावे, आणि दोघांच्या मध्ये कारखान्यातला एक जण. बाहेर पाऊस आहे, छत्र्या दाराशी ठेवल्या आहेत. या, बसा, आपलेच गाव समजा.