निपाणी : सीमारेषा भाषेची आणि घामाची

(संगमनेर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सीमाप्रश्नाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम बेळगाव उभे राहते, आणि ते स्वाभाविकही आहे. १९४६ साली तेथील साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. नाथ पै यांनी जानेवारी १९७१ मध्ये त्याच शहरात अखेरचा श्वास घेतला. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते बेळगावच्या उत्तरेस, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेल्या निपाणीविषयी. त्याचे कारण तुमच्या दारातच आहे. संगमनेर, अकोले, नगर येथील घराघरांत बायाबापड्यांनी सुपे मांडीवर घेऊन पिढ्यान् पिढ्या विड्या वळल्या. विडीच्या तंबाखूची या देशातील दोन मोठी आगरे म्हणजे गुजरातचे चरोतर आणि आपल्या शेजारची निपाणी. तेव्हा निपाणीचा इतिहास हा परक्या गावाचा इतिहास नव्हे.

पेशवाईत निपाणी हे निपाणकर देसायांचे ठाणे होते. इंग्रजी अमदानीत ते मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी तालुक्यात आले. परंतु या गावाला शहरपण दिले ते तंबाखूने. चिकोडी, हुकेरी, कागल, गडहिंग्लज या भागांतला माल निपाणीच्या पेठेत येई. वखारीत तो चाळला, निवडला, पोत्यांत भरला जाई आणि दूरदूरच्या विडीकारखान्यांकडे रवाना होई. या उद्योगाला मोठी यंत्रे लागत नाहीत. लागते ते भांडवल, कोठार आणि स्वस्त मनुष्यबळ. पहिली दोन व्यापाऱ्याच्या हाती होती. तिसरे दारिद्र्याने पुरविले. शेतकऱ्याला माल साठवून ठेवणे परवडत नसे. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे दर ठरविणार व्यापारी, प्रत ठरविणार व्यापारी आणि पैसे केव्हा द्यावयाचे हेही ठरविणार व्यापारीच!

याच निपाणीत १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली होती, हे येथे मुद्दाम नमूद करतो. या पेठेच्या तळाशी कोणता समाज राबत होता, याची त्यावरून कल्पना यावी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मराठी बहुसंख्येची निपाणी म्हैसूर राज्यात गेली. लोकांनी हा निर्णय कधीही मान्य केला नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याच्या १९६७ च्या अहवालाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले, पण निपाणी व खानापूर महाराष्ट्राला द्यावे असे सुचविले. बेळगाववाचून हा तोडगा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे ज्या गावाबद्दल आयोगानेही मराठी जनतेच्या बाजूने कौल दिला, तेही आजवर जेथल्या तेथेच राहिले. गावाला लागूनच अर्जुननगर आहे. तेथील देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. आणि तेथे शिकणारी कित्येक मुले रोज राज्याची सीमा ओलांडून वर्गात बसणारी. नकाशावरची रेघ माणसांच्या जगण्यातून कशी जाते, ते पाहावयाचे असेल तर तेथे जावे.

आता अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक प्रश्न विचारतो. उद्या ही रेघ पुसली गेली, तर वखारीतल्या बाईची मजुरी वाढेल काय? तिचा मालक मराठी वा गुजराती बोलतो, ती मराठी बोलते. दिवसभर तंबाखूची धूळ छातीत घेणाऱ्या या स्त्रियांत देवदासी प्रथेला बळी पडलेल्याही पुष्कळ होत्या. समाजाने टाकलेल्या बाईला मोल करून सांगण्याची सोय नसते, हे मालकांना पक्के ठाऊक होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रा. सुभाष जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साह्याने या स्त्रिया संघटित झाल्या. अनिल अवचटांनी त्यांचे जिणे मराठी वाचकांपुढे आणले. ‘युगांतर’ या स्त्रीवादी गटाने १९८२ मध्ये त्यांच्या लढ्यावर माहितीपट केला. मजुरी, कामाचे तास, माणुसकीची वागणूक या त्यांच्या मागण्या होत्या. त्यांतली एकही मागणी सीमेच्या अलीकडे वेगळी आणि पलीकडे वेगळी नव्हती.

शेतकऱ्यांचेही तेच. १४ मार्च १९८१ रोजी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या रास्त भावासाठी हजारो शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर येऊन बसले. विडी कामगारांची संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. बैलगाड्यांसह माणसे तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्त्यावर राहिली. ६ एप्रिल रोजी कर्नाटकातील गुंडूराव सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकऱ्यांचा बळी गेला. शेतकरी संघटनेशी आमचे तात्त्विक मतभेद जरूर आहेत. परंतु त्या रस्त्यावर शेतकरी व वखारीतील मजूर बाई यांची जी गाठ पडली, ती आपल्या चळवळीने आदराने अभ्यासावी अशी आहे.

मग भाषेचा प्रश्न खोटा का? मुळीच नव्हे. ज्या बाईला मजुरीचा कायदा, ओळखपत्राचा अर्ज, न्यायालयाची नोटीस स्वतःच्या भाषेत वाचता येत नाही, ती दलालाच्या हाती सापडते. मातृभाषेतील कारभार ही केवळ अस्मितेची बाब नाही. तो गरिबाचा संरक्षणाचा हक्क आहे. आणि तो जसा निपाणीच्या मराठी बाईचा आहे, तसाच सोलापूरच्या कन्नड भाषकाचा आणि नगरमध्ये विड्या वळणाऱ्या तेलुगूभाषक पद्मशाली भगिनीचाही आहे. आपण हा हक्क एकीला मागावा आणि दुसरीला नाकारावा, हे समाजवाद्याला शोभणारे नाही.

सीमेचा खरा लाभ घेतो तो भांडवलदार. किमान वेतन राज्यवार ठरते आणि विडीचे काम सूप व कात्रीसह हलविता येते. विडी कामगारांसाठी १९६६ चा केंद्रीय कायदा झाला. केरळने तो अमलात आणताच १९६८ मध्ये एका बड्या कंपनीने कण्णूरकडील काम बंद करून सीमेपलीकडे मंगळूरकडे नेले. हजारो संसार उघडे पडले. तेव्हा कामगारांनी काय केले? शासनाच्या मदतीने १९६९ मध्ये त्यांनी ‘दिनेश विडी’ ही स्वतःची सहकारी संस्था उभारली आणि पुढे विडीचा खप घटू लागला तेव्हा खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे यांकडे ती वळविली. आपल्या सहकाराच्या या जिल्ह्यात साखर कारखाने उभे राहिले, त्याच शिवारालगत विडी वळणाऱ्या बाईपर्यंत मात्र सहकार तितक्या जोमाने पोहोचला नाही. याचा विचार आपण केला पाहिजे.

तो विचार आता तातडीचा झाला आहे. तंबाखू आरोग्याला घातक आहे, त्याचा खप घटणे इष्टच. निपाणी भागातही तंबाखूच्या शेतात ऊस व सोयाबीन आले. १९६६ चा कायदाही २०२० च्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला. उद्योग मावळेल, प्रश्न असा की त्याच्या मावळण्याची किंमत कोण मोजणार? जिने चाळीस वर्षे बोटे झिजविली, तिच्या भविष्यनिर्वाह निधीचा, तिच्या औषधपाण्याचा, पर्यायी कामाचा हिशेब मालकाने आणि सरकारने दिला पाहिजे.

म्हणून माझे सांगणे इतकेच : संगमनेरच्या संघटनेने निपाणीच्या संघटनेशी, निपाणीने सोलापूरशी व सिन्नरशी, दर आणि छाट यांची माहिती नियमित देवाणघेवाणीत ठेवावी, सर्व राज्यांत एकच किमान दर असावा ही मागणी एकाच दिवशी, सर्व भाषांतून करावी. सीमाप्रश्नाचा निकाल न्यायालयात लागेल तेव्हा लागो. ही एकजूट उभारायला कोणत्याही न्यायालयाची तारीख लागत नाही.