कार्ड स्वस्त घ्यावं की चांगलं?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या साक्री गावच्या दुकानांत हातात मावणारे व्हिडिओ गेम दिसू लागतात. साध्या यंत्रात खेळ आतच बसवलेले असतात. त्याहून बऱ्या यंत्रात ते मेमरी कार्डावर येतात. निन्टेंडो कंपनीचं जुनं गेम बॉय यंत्र जपणारे हौशी तरुण पुन्हा पुन्हा भरता येणारी फ्लॅश कॅसेट मागवतात. प्रश्न सगळ्यांचा एकच, स्वस्तातलं घ्यावं की तिप्पट-चौपट पैसे मोजावेत?

नव्वदच्या दशकात ज्यांनी टीव्हीला जोडून सामुराई किंवा मीडिया या ब्रँडचा गेम खेळला, त्यांना ‘९९९९ गेम’ असं लेबल असलेली कॅसेट आठवत असेल. आत निराळे खेळ मोजकेच, बाकी तेच नाव बदलून पुन्हा. तेव्हा फसगत व्हायची, पण नुकसान फारसं नसायचं, कारण त्या कॅसेटमध्ये आपलं स्वतःचं काही साठत नव्हतं. आता साठतं. मुलानं महिनाभर खेळून गाठलेला टप्पा कार्डावर असतो, आणि तेच कार्ड उद्या मोबाइलमध्ये गेलं की त्यावर बहिणीच्या हळदीचे फोटो येतात. म्हणून माझं सांगणं असं की, पुन्हा भरून मिळेल त्यासाठी स्वस्त कार्ड चालेल. जे एकदाच घडतं ते ठेवायचं असेल, तर पैशाकडे पाहू नका.

नकली कार्ड कसं फसवतं तेही ऐका. लेबलवर १२८ जीबी, आत चिप ८ जीबीची. कार्डाच्या आत एक छोटा नियंत्रक असतो, त्याला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. मोबाइल तो खरा मानतो. पहिले ८ जीबी सगळं सुरळीत चालतं. त्यानंतर आलेला डेटा एक तर जुन्यावर लिहिला जातो, नाही तर कुठेच लिहिला जात नाही. फाइलींची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीलाच असते, त्यामुळे नावं दिसतात, आकारही दिसतो, आणि उघडायला गेलं तर काहीच नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र असावं आणि जागेवर शेतच नसावं, तसं.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. विंडोज संगणकावर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’, लिनक्सवर ‘एफ-थ्री’. हे प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरतात, मग सगळं परत वाचून ताडून पाहतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, लागू द्या. नवं कार्ड वापरायला घेण्याआधीच ही तपासणी करा आणि पक्कं बिल जपून ठेवा, कारण नावाजलेल्या कंपनीचं लेबलसुद्धा नकली मिळतं. पैसे कमी असतील तर खोट्या १२८ पेक्षा खरं ३२ जीबी घ्या. आणि अस्सल कार्डाचीही लिहिण्या-पुसण्याची ताकद संपणारी असते, तेव्हा फोटोंची एक प्रत घरात दुसरीकडे असू द्या.

आता कॅसेटकडे येतो. निन्टेंडोनं गेम बॉय आणला १९८९ साली. पोकेमॉनसारख्या त्याच्या कॅसेटमध्ये खेळाची प्रगती टिकवायला नाण्यासारखा चपटा सेल असे. सेल संपला की प्रगती गेली. चांगल्या फ्लॅश कॅसेटींपैकी काहींत एफरॅम नावाची चिप असते, तिला आठवण ठेवायला वीज लागत नाही. दुसरा फरक डोळ्यांना दिसत नाही. जुना गेम बॉय कॅसेटला ५ व्होल्ट देतो, आजच्या बहुतेक फ्लॅश चिपा ३.३ व्होल्टच्या. मध्ये व्होल्टेज जुळवणारा भाग लागतो, आणि पैसे वाचवायला बरेचदा तोच गाळतात. अशी कॅसेट पहिल्या दिवशी झकास चालते, पण चिपेवर रोज ताण पडत राहतो. महाग कॅसेटचे पैसे जातात ते या भागांना.

विकत न घेतलेले, कुणीतरी कॉपी करून भरून दिलेले गेम घेऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण संगणकाच्या प्रोग्रॅमलाही आहे, आणि त्यामागे कुणाची तरी मेहनत असते.

त्यापेक्षा स्वतःचा गेम करा. ‘जीबी स्टुडिओ’ हे फुकट साधन २०१९ पासून मिळतं. प्रोग्रॅमिंग न येणारा विद्यार्थीही त्यावर गेम बॉयसाठी खेळ रचू शकतो. भामेरचा किल्ला चढणारा पोरगा आणि त्याच्या तोंडी आपली अहिराणी, असा खेळ साक्री-पिंपळनेरच्या मुलांनी का करू नये? गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. त्यात देवनागरी अक्षरं चित्रासारखी एकेक काढून बसवावी लागतील. मेहनत आहे, पण होण्यासारखं आहे. खेळ आधी संगणकावर चालवून पाहा, मित्रांना खेळायला द्या, चुका काढा. खऱ्या यंत्रावर उतरवायची वेळ आली की मगच कॅसेट मागवा, आणि ती मागवताना व्होल्टेजचं आणि सेलचं आधी विचारून घ्या.