भरपाई आली, पेन्शन गेली



समजा, येरवड्यात राहणारा एक रिक्षावाला आहे. नगर रस्त्यावर मागून टेम्पोने ठोकलं, जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. ससूनमधून दाखला मिळाला, दिव्यांग म्हणून संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान सुरू झालं. शिवाजीनगर कोर्टात क्लेम चालू होता, त्याचाही काही वर्षांनी निकाल लागला, भरपाई मंजूर झाली. त्याच्या लक्ष्मीनगरच्या बोळात अशी बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो? हातउसने मागणारे आले, ‘दामदुप्पट करून देतो’ म्हणणारे आले, आजारपणात एकदाही न फिरकलेले पाहुणेसुद्धा आले.

या मंडळींपासून पैसा राखायचा कसा, याचा विचार न्यायालयांनी फार पूर्वीच केला आहे. नव्वदच्या दशकात केरळ एसटीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अज्ञान मुलांची, निरक्षरांची भरपाई बँकेत मुदत ठेवीत ठेवावी, दरमहा व्याज त्यांच्या हाती पडावं आणि त्या पावतीवर बँकेने कर्ज देऊ नये. उपचारासाठी लागले तर कोर्टाकडे अर्ज करून पैसे काढता येतात. ‘सगळ्यांचेच पैसे डोळे मिटून अडकवू नका,’ असंही त्याच न्यायालयाने 2012 मध्ये बजावलं. व्यवस्था चांगली आहे. उधळ्या भावाला दाखवायला कोर्टाचा हा आदेश फार उपयोगी पडतो.

पण हेच दरमहा येणारं व्याज तहसील कचेरीत अंगावर येतं. निराधार योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असावं लागतं आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथे व्याज उत्पन्नात धरलं गेलं की काय होतं, ते जरा मांडून बघू. घरात दुसरी कमाई नाही असं धरा. ठेव साडेसात लाखांची, व्याज साडेसहा टक्के, म्हणजे वर्षाला 48,750 रुपये. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 झालं, त्याचे 30,000. एकूण 78,750. आता साडेसातऐवजी आठ लाख मिळाले असं समजा. व्याज 52,000. मर्यादा ओलांडली, अनुदान बंद! भरपाई पन्नास हजारांनी वाढली आणि माणूस वर्षाला 26,750 रुपयांनी गरीब झाला.

त्यातून ही मर्यादा एकट्याची नाही, घराची आहे. नवरा अंथरुणाला खिळल्यावर बायकोने चार घरची धुणीभांडी धरली, की महिन्याला सव्वाचार हजारांतच ती ओलांडली जाते. शहरातल्या ‘प्राधान्य’ रेशनकार्डाची मर्यादाही 59,000 च आहे. एक बरं, की महात्मा फुले जनआरोग्य योजना आता उत्पन्न न बघता सगळ्यांना लागू आहे. निदान दवाखान्याचं दार तरी बंद होत नाही.

मला हा हिशेबच मान्य नाही. भरपाई ही कमाई नव्हे, गेलेल्या पायांची ती किंमत आहे. 1978 मध्ये मुंबईत एका आठ वर्षांच्या शाळकरी मुलाला मोटारीने धडक दिली. त्याच्या भरपाईवरच्या व्याजातून करकपात झाल्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. दाव्यापासून निकालापर्यंतचं व्याज हा भरपाईचाच भाग आहे, त्यावर कर नाही, असं न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं. निकालानंतरच्या ठेवीच्या व्याजाला तो निर्णय लागू होत नाही, हे खरं. पण निराधार योजनेत या व्याजाला तेवढी एक सूट द्यायला शासनाला कितीसा खर्च येणार आहे?

अमेरिकेत हा नियम आपल्याहून कडक आहे. तिथल्या एसएसआय पेन्शनला एकट्या माणसाची शिल्लक 2,000 डॉलरच्या वर चालत नाही. म्हणून 1993 च्या कायद्याने दिव्यांगाच्या भरपाईसाठी वेगळा ट्रस्ट काढायची सोय केली. मात्र माणूस गेल्यावर उरलेल्या पैशातून सरकार आधी उपचारखर्च वसूल करतं. आपल्याकडे 1882 च्या कायद्याखाली खासगी ट्रस्ट काढता येतो, पण त्यातल्या पैशाला निराधार योजनेत खास सूट नाही.

मग अशा कुटुंबांनी करायचं काय? आधी एक सांगतो, ठेव दडवू नका. ती पॅनकार्डावर दिसते, आणि मागाहून वसुलीची नोटीस आली की भरायची कुठून? जे मागायचं ते निकालाआधी वकिलांमार्फत मागा. बँकांची ‘मॅकॅड’ नावाची ठेव आहे, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर राबवायला सांगितली. तिच्या मासिक हप्त्यात मुद्दलही परत येतं. मुद्दल म्हणजे उत्पन्न नव्हे, म्हणून दाखल्याच्या अर्जाला बँकेचं व्याज प्रमाणपत्र जोडा आणि तेवढाच आकडा लिहा.

दुसरं म्हणजे सगळीच रक्कम ठेवीत जाऊ देऊ नका. माडीवरच्या खोलीत राहणाऱ्याला चाकाची खुर्ची मिळून उपयोग काय, ती जिन्यावरून उतरणार कशी? तळमजल्याची खोली, रुंद दार, उंबऱ्याजागी उतार, बसून चालवता येईल अशी टपरी, उपचारासाठी काढलेलं कर्ज, यांसाठी काही रक्कम रोख मागा. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, गवंड्याचं अंदाजपत्रक आणि दवाखान्याची बिलं अर्जासोबत लावा.