वेदारण्याच्या वाटेवर
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सहलीचा वृत्तान्त या सभेपुढे सादर करावा अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, म्हणून आम्ही उभे आहोत. तंजावरचे नाव निघाले की आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे बृहदीश्वराचे शिखर आणि सरस्वती महालातील पोथ्या उभ्या राहतात. आज आम्ही सांगणार आहोत ते मात्र तंजावरच्या अरण्याविषयी. कावेरीने गाळ टाकून सपाट केलेल्या त्या भातखाचरांच्या मुलखात अरण्य कुठले, अशी शंका कोणालाही येईल. आम्हांलाही आली होती. जुन्या तंजावर जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, जेथे किनारा एकाएकी काटकोनात पश्चिमेकडे वळतो, तेथे कोडियक्करै नावाचे भूशिर आहे. १९९१ साली नागपट्टिनम जिल्हा वेगळा झाला आणि हे टोक तिकडे गेले. त्या भूशिरावर एक जुने वन अद्याप उभे आहे. ते पाहावयास आम्ही आठ कुटुंबे मुलांबाळांसह निघालो.

आदल्या सायंकाळी तंजावरात मुक्काम होता. मोठ्या देवळाच्या ओवरीत भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे. सरफोजी राजांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराय यांनी तो सिद्ध केला आणि १८०३ साली तो भिंतीवर उतरला. एवढा विस्तृत मराठी शिलालेख अन्यत्र क्वचितच असेल. आम्ही मुलांना मोठ्या हौसेने त्यापुढे उभे केले. शाळेतील हिंदीमुळे काहींना अक्षरे ओळखता आली. एका मुलाने बोट ठेवून चार शब्द जुळवले आणि विचारले, "हे आपल्याच भाषेत आहे ना? मग मला का कळत नाही?" जुने गद्य आहे, कठीण आहे, असे काहीसे उत्तर आम्ही दिले. ते सर्वस्वी खोटे नव्हते, परंतु पुरेसेही नव्हते. ही गोष्ट मनात ठेवून पुढे चालू.

पहाटे निघालो. पौषाचा महिना. आपला पाऊस मृगाचा. त्या किनाऱ्याचा पाऊस मुख्यत्वे ऐप्पसी आणि कार्तिकै या तमिळ महिन्यांत, ईशान्येकडून येणारा. त्यामुळे आपल्याकडे माळ पिवळे पडतात त्या दिवसांत तेथे दुतर्फा हिरवे भात, पाण्याने भरलेले पाट आणि बांधावर ताडांच्या रांगा.

पहिला थांबा ओरत्तनाडू येथे. येथील मुक्तांबा छत्र सरफोजी राजांनी मुक्तांबेच्या नावे बांधले. तंजावरहून रामेश्वरास जाणाऱ्या वाटेवर मराठी राजांनी आणि राण्यांनी अशी अनेक छत्रे उभारली होती. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, तेव्हा या छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी म्हणून सरफोजींनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटास पत्र लिहिले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूस अन्न मिळते, आजाऱ्यास औषध मिळते, पोरक्या मुलांना विद्या मिळते, वाटेत कोणी मरण पावल्यास त्याचा अंत्यविधी होतो, असे त्यांनी त्यात सविस्तर कळविले. राज्य गेलेल्या राजाने मागून घेतले ते काय, तर वाटसरूंची सेवा! आपण परप्रांती राहणारे लोक. उतरण्यास जागा आणि आजारपणात विचारपूस यांचे मोल आपणांस वेगळे सांगावयास नको. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन झाले तेही याच गरजेतून.

पुढे पट्टुक्कोट्टैवरून समुद्रकाठी पोहोचलो. येथे सरफोजींनी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेला आठ मजली षट्कोनी मनोरा आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे ते स्मारक. आपल्या राजाने परक्यांच्या जयाचा मनोरा बांधावा याचे आमच्यापैकी काहींना वाईट वाटले आणि मोटारीत त्यावर बराच वाद झाला. एक गोष्ट मात्र सर्वांना मनापासून आवडली. तेथील तमिळ कोळीही त्या वास्तूला 'मनोरा' असेच म्हणतात. समोरच्या पाल्कच्या उपसागरातील समुद्रतृणांवर चरणाऱ्या डुगाँग या दुर्मिळ सागरी प्राण्यासाठी २०२२ साली राखीव क्षेत्र घोषित झाले. भारतातील ते पहिलेच.

मुत्तुपेट्टैच्या खाडीत होडीतून तासभर हिंडलो. तेथील खारफुटीत मुख्य झाड तिवराचे. आमच्यातील एक कोकणी आजी होडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "अहो, ही तर आमची तिवरं!" चिखलातून वर आलेली तीच बोटांसारखी मुळे आणि पानांवर तेच मीठ. पाचशे कोस दूर येऊन आजीला आपल्या माहेरची खाडी भेटली.

वेदारण्यम् हे नावच वेदांचे अरण्य. वेदांनी येथे शिवाची पूजा केली आणि देवालयाचे दार बंद करून ते निघून गेले, ते दार अप्पर या संताच्या गाण्याने उघडले, अशी कथा सांगतात. १९३० च्या एप्रिलमध्ये राजाजी तिरुचिरापल्लीहून सत्याग्रहींसह पायी चालत, तंजावर आणि कुंभकोणम् मागे टाकून, मीठ उचलण्यासाठी येथेच आले. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्याकडे शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला. आजही गावाबाहेर दृष्टी पोहोचेल तेथवर मिठागरे पसरली आहेत आणि उन्हात मिठाच्या राशी डोळे दिपवितात.

येथून सुमारे तीन कोसांवर कोडियक्करैचे वन. आपल्या सह्याद्रीवरील गगनचुंबी वृक्ष मनात धरून जाणाऱ्याची प्रथम निराशाच होईल. झाडे बुटकी, खोडे वेडीवाकडी, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. मुख्य वृक्ष पालै, म्हणजे आपली खिरणी; कोणी तिला रांजण म्हणतात. वर्षातील बरेच महिने कोरडे असूनही हे वन पानझडीचे नाही. पाने लहान, जाड आणि चामड्यासारखी चिवट असल्यामुळे झाड ओल जपून वापरते आणि भर उन्हाळ्यातही हिरवे राहते. अशी शुष्क सदाहरित वने पूर्व किनाऱ्यावर आता तुकड्यातुकड्यांनीच उरली आहेत.

१९६७ साली सुमारे १७ चौरस किलोमीटर क्षेत्र मुख्यत्वे काळविटांसाठी अभयारण्य म्हणून राखले गेले. वन संपून गवताळ मैदान लागले आणि मुले एकदम स्तब्ध झाली. काळा पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, पिळदार शिंगांचा एक नर मान उंचावून उभा होता आणि मागे माद्यांचा कळप. नगरकडील रेहेकुरीचे काळवीट ज्यांनी पाहिले होते, त्यांनाही समुद्राच्या गाजेच्या पार्श्वभूमीवरील हे दृश्य नवे होते. दलदलीच्या कडेस रोहित पक्ष्यांचा थवा होता. दुरून गुलाबी रेघ ओढल्यासारखा. २००२ साली या पाणथळीला आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी येथे कित्येक वर्षे पक्ष्यांच्या पायांत वाळी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढला आहे.

आमचा वाटाड्या तमिळ होता. झाडांची नावे, वाऱ्यांच्या दिशा, लंकेचा किनारा किती दूर, हे सारे त्याने सांगितले. सरफोजींच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात एक रानातली कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. आम्हांलाही भूगोल सांगणारा रानातलाच भेटला. ज्या अल्पशा टेकाडावरून रामाने लंका पाहिली असे म्हणतात, त्या रामर्-पादमवर उभे राहून त्याने वनाचे दुखणेही सांगितले. बाहेरून आलेली वेडी बाभूळ गवताळ भागात पसरते आणि काळविटांची चराई आक्रसते. मोकाट घोडी तिच्या शेंगा खाऊन बी आणखी दूर नेतात. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गज' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आसपासच्या मुलखात लक्षावधी माड पडले आणि या वनातही झाडे उन्मळली. त्याने एक आडवी झालेली खिरणी दाखविली. खोड जमिनीवर लोळत होते आणि बुंध्यातून हातभर उंचीचे नवे कोंब सरळ वर आले होते. "ही स्वतःच उठते. हिच्यापुढची बाभूळ तेवढी काढावी लागते," असे तो तमिळमध्ये म्हणाला.

परतीच्या रात्री तंजावरातील एका जुन्या मराठी कुटुंबात जेवण होते. ताटात डांगर होते. त्या घरी त्याला डांगरपच्चडी म्हणतात. घरातील वृद्ध आजोबांचे मराठी हेलाने तमिळ, शब्दांनी जुने. आमच्यातील एकाने भरल्या गळ्याने म्हटले, "साडेतीनशे वर्षे आपण घरापासून दूर राहून भाषा राखलीत!" आजोबा हसले. "घरापासून दूर? आमचे घर हेच की. आमची मुले तमिळ शाळेत शिकली. पत्र लिहायचे झाले तर मराठी बोलणे तमिळ अक्षरात लिहितात. पण घरात भांडतात ती मराठीत. तुमची मुले कोणत्या भाषेत भांडतात?"

कोणी उत्तर दिले नाही. उत्तर सर्वांना ठाऊक होते. मोटारीत खिडकीच्या जागेवरून झालेली दिवसभराची भांडणे आम्ही ऐकलीच होती, आणि ती सोडविताना आम्ही मोठेही त्याच परक्या भाषेत बोललो होतो.

तंजावरकरांची कीव करावयास, किंवा त्यांचे कौतुक करावयास, आम्ही गेलो होतो. परतलो ते स्वतःची झडती घेऊन. गणेशोत्सव, नाटके, कोजागरी हे सारे मंडळाने पन्नास वर्षे निष्ठेने केले. परंतु वर्षातले चार दिवस मराठी आणि उरलेले दिवस सोयीची भाषा, हे खरे दुखणे आहे. त्याचा दोष मुलांच्या माथी मारता येणार नाही.

म्हणून सहलीहून परतल्यावर आम्ही आठ कुटुंबांनी दोन गोष्टी ठरविल्या. त्या आज मंडळापुढे ठेवतो. दर रविवारी एक तास मुलांसाठी मराठी वाचनाचा वर्ग, आणि त्यात १८०३ च्या त्या शिलालेखातील काही ओळी छायाचित्रांवरून समजावून घेणे. दुसरी गोष्ट घरची आहे. जेवणाच्या ताटावर बोलणे, रागावणे आणि समजूत काढणे मराठीतच होईल. वर्ग सुरू होऊन तीन महिने झाले. ज्या मुलाने ओवरीत प्रश्न विचारला, तो पुढच्या पौषात पुन्हा तेथे जाऊन एक संपूर्ण ओळ अर्थासह वाचून दाखविणार आहे, असे त्याने आम्हांस बजावले आहे. आपणांपैकी ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत; मोटारीत जागा आहे.