२४० चित्रं आणि एक शिरोरेषा

१९९७ सालचा 'टायटॅनिक' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातल्या संगणकीय दृश्यांसाठी डिजिटल डोमेन या अमेरिकी स्टुडिओनं अल्फा प्रोसेसरचे १६० संगणक लावले होते. त्यांतल्या १०५ संगणकांवर लिनक्स ही कार्यप्रणाली होती. तेव्हा लिनक्सचं वय होतं पाच-सहा वर्षं.

हे आवर्जून सांगतो, कारण लिनक्स म्हणजे पैसे नसले की करायची तडजोड, असं आपल्या मुलांना अजून सांगितलं जातं. सिनेमातलं कंपोझिटिंगच घ्या, म्हणजे थर जुळवणं: एकीकडचा नट, दुसरीकडचं आभाळ, संगणकातला धूर एकत्र आणायचा आणि सांधा दिसू द्यायचा नाही. त्यासाठी मोठे स्टुडिओ वापरतात ते न्यूक हे सॉफ्टवेअर याच डिजिटल डोमेनमध्ये जन्मलं, आणि ते लिनक्सवर चालतं.

लिनक्स निवडण्यामागचं कारण साधं आहे. दहा सेकंदांचं दृश्य म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे २४० चित्रं. जाणकार त्यांचा एकच व्हिडिओ लगेच बनवत नाही. प्रत्येक चित्राची वेगळी फाईल ठेवतो. समजा, १८०व्या चित्राला वीज गेली. परत आली की ती अर्धवट फाईल पुसायची आणि '१८० ते २४० कर' अशी एका ओळीची आज्ञा द्यायची. आधीची १७९ शाबूत असतात. शेजारी जुना संगणक पडून असेल, तर शेवटची ३० त्याला द्यायची. हे इतर प्रणालींवरही जमतं, पण लिनक्सची घडणच अशा आज्ञांची आहे. १६० संगणकांना काम वाटून देताना उपयोगी पडतं ते हेच.

आफ्टर इफेक्ट्स हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर मात्र लिनक्सवर मिळत नाही. ज्याचं सगळं काम त्यावरच बेतलेलं आहे, त्याला मी लिनक्सचा आग्रह करणार नाही. नव्यानं शिकणाऱ्यानं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर घ्यावं. २००२ साली वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत एक लाख युरोंची वर्गणी काढून ते सर्वांसाठी खुलं करून घेतलं. त्यात थर जुळवण्याची सोय आहे, आणि पैसे पडत नाहीत. चेहऱ्याचे रंग सांभाळायचे असतील तर दाविंची रिझॉल्वही लिनक्सवर चालतं.

आता आपल्या लिपीचं. वारीवरच्या एका छोट्या फिल्मसाठी मी 'विठ्ठल' हे शीर्षक टाइप केलं. माझ्या ॲनिमेशनच्या साधनात पहिली वेलांटी 'व'च्या मागे जाऊन बसली, जोडाक्षर फुटलं. मी हबकलो. देवाचं नाव पडद्यावर चुकीचं कसं जाऊ द्यायचं? मग शीर्षक इंकस्केप या रेषाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं. तिथे देवनागरीचे नियम पाळले जातात. अक्षरांच्या रेषाकृती करून एसव्हीजी फाईल केली आणि ती ॲनिमेशनमध्ये घेतली. अक्षरं बरोबर आली, पण शीर्षक हळूहळू उजळताना प्रत्येक दोन अक्षरांच्या सांध्यावर गडद ठिपका दिसू लागला. देवनागरी अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, आणि अर्धपारदर्शक अवस्थेत तो चढलेला भाग अधिक उठून दिसतो. म्हणून अक्षरं हलवण्याआधी इंकस्केपमध्येच त्यांचा संयोग करून एकच आकृती करायची. तसं केलं, आणि विठ्ठलाची शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड उजळली.