दारी आलेले निमंत्रण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे अमेरिकेत आहेत, म्हणून तेथील एक अनुभव निवेदन करतो. २०१८ साली माझा नातू तेथे दहावीत असता एका नामांकित महाविद्यालयाचे रंगीत, गुळगुळीत पत्र त्याच्या नावे आले. जणू त्याच्यावाचून त्यांचे अडले होते! इकडे पुण्यास आम्ही पेढे वाटले. बारावीत त्याच महाविद्यालयाने नकार कळविला, तेव्हा पोर आम्हांस तोंड दाखवावयास लाजू लागले. दोष त्याचा नव्हे, आमच्या पेढ्यांचा.

वस्तुस्थिती अशी की, पीएसएटी नामक पूर्वपरीक्षेच्या वेळी त्याने एका रकान्यात संमती दिली होती. अशी नावे कॉलेज बोर्ड ही संस्था १९७२ पासून महाविद्यालयांना पुरवीत आली. २०१९ साली एका नावाचे मोल सुमारे ४७ सेंट होते. पत्र म्हणजे प्रवेश नव्हे, अर्ज करावा एवढेच आर्जव. अर्ज वाढले की नकारही वाढतात, आणि त्यानेच पुष्कळदा महाविद्यालयाचा रुबाब वाढतो.

तथापि पत्रे केराच्या टोपलीत टाकावीत, असे मी म्हणणार नाही. त्यांतील एखादे अपरिचित नाव मुलास मानवूनही जाते. मात्र नववीपासूनचे गुण पाहिले जातात, तेव्हा विषयांची निवड आधी करावी. सरकारी साहाय्य घेणाऱ्या महाविद्यालयांना खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र २०११ पासून संकेतस्थळावर ठेवावे लागते. आईबापांनी ते उघडून पाहावे.

धाकटी नात यंदा दहावीत आहे. परवा तिला पहिले पत्र आले. दूरध्वनीवर तिच्या आजीने एवढेच विचारले, “खर्च किती गं, बाळ?”